प्रॉफेटचा फोटो, मुलाचा प्रश्न

प्रश्न : सर, प्रभूच्या नावात सलाम. आमच्या मंडळीत हल्ली एक मोठे प्रचारक येतात, लोक त्यांना 'प्रॉफेट' (संदेष्टा) म्हणतात, बर्थडेला चौकात बॅनर, घराघरात त्यांचा फोटो आणि स्टेटसला येशूपेक्षा त्यांचेच व्हिडिओ जास्त. मी काही बोललो की "देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नको" म्हणून गप्प करतात. त्यात कॉलेजातला मुलगा विचारतो, पप्पा, मोशे आणि एलिया हे संदेष्टे, गब्रीएल देवदूत, सगळेच मोठे ना, मग येशू पण त्यातलाच एक, फार तर जरा जास्त मोठा, असं का नाही? काय सांगू त्याला?
– एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : भाऊ, मुलाचं आधी घेऊ, ते सुटलं की बॅनरचं अर्धं तिथंच सुटतं. त्याला म्हणावं, नव्या करारात कोण कुणाच्या पाया पडतं आणि समोरचा त्यावर काय करतो एवढंच शोधून काढ. कर्नेल्य हा रोमी शताधिपती, येशूचा शिष्य पेत्र घरात शिरतोय तोवर हा त्याच्या पायावर, पेत्राने त्याला उठवलं, म्हणाला ऊठ, मी पण माणूसच आहे. लुस्त्र गावात तर कहरच झाला, प्रेषित पौल आणि त्याचा सोबती बर्णबा तिथं गेले होते, पौलाने जन्मापासूनच्या पांगळ्याला बरं केलं तर लोक म्हणायला लागले देवच माणसं होऊन खाली आले, बर्णबा म्हणजे झ्यूस आणि पौल म्हणजे हर्मेस (बोलायचं काम पौलाकडे होतं म्हणून), आणि झ्यूसचा पुजारी बैल आणि हार घेऊन वेशीपाशी हजर. या दोघांनी अंगावरचे कपडे फाडले आणि गर्दीत घुसून ओरडत सुटले, अरे काय करताय हे, आम्ही पण तुमच्यासारखीच माणसं! पुढे बाहेरून आलेल्यांनी कान भरले आणि त्याच गावात पौलाला दगडमार झाली, मेला समजून ओढत गावाबाहेर टाकला. हार घेऊन येणाऱ्या पब्लिकचा भरवसा इतकाच.

देवदूताचंही तेच. प्रकटीकरणात योहान देवदूताच्या पाया पडायला जातो, १९व्या अध्यायात एकदा आणि २२व्यात परत, दोन्ही वेळा देवदूत म्हणतो असं करू नको, मी पण तुझ्याबरोबरचा दास, नमन देवाला कर.

आता येशू बघा. जाळी फाटायला आली इतके मासे बघून पेत्र त्याच्या गुडघ्यांशी पडला, दृष्टी मिळालेल्या आंधळ्याने नमन केलं, पुनरुत्थानानंतर बायांनी पाय धरले, शिष्य थोमा तर तोंडावर "माझा प्रभू, माझा देव" म्हणाला. यातल्या एकालाही येशूने "ऊठ, मी पण माणूसच" म्हटलं नाही. म्हणजे एकतर त्याला पेत्राएवढीही नम्रता नव्हती, नाहीतर ते नमन त्याच्याच हक्काचं होतं, 'जरा जास्त मोठा प्रॉफेट' हा मधला रस्ता इथं राहत नाही. मुलगा वाद घालेल, घालू दे, ३२५ साली निकियाला भरलेल्या बिशपांच्या सभेत भांडण यावरच झालं, आरियस नावाचा पाळक म्हणायचा पुत्र सगळ्यात श्रेष्ठ खरा पण निर्माण केलेला, आणि सभेने ते नाकारलं.

यात मोशेचा मान कमी होत नाही हं. इब्री लोकांस पत्रात मोशे हा घरातला विश्वासू सेवक आणि ख्रिस्त त्या घरावरचा पुत्र, असं सरळ लिहिलंय. डोंगरावर येशूबरोबर मोशे आणि एलिया दिसले तेव्हा पेत्राने तीन मंडप करूया म्हटलं, येशूला एक, मोशेला एक, एलियाला एक, सगळ्यांना सारखं. ढगातून वाणी आली, हा माझा पुत्र, याचं ऐका. नंतर बघतात तर येशू एकटाच.

राहिलं अभिषिक्ताचं. शौल राजा देवाचा अभिषिक्त म्हणून दाविदाने हातात सापडूनही त्याला मारलं नाही, पण गुहेतून बाहेर येऊन त्याच्या लोकांदेखत जाब मात्र विचारला ना! जीव घेऊ नका आणि प्रश्न विचारू नका, यात फरक आहे. करिंथच्या मंडळीत लोक 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा' (हा दुसरा प्रचारक) करायला लागले तेव्हा पौलानेच विचारलं, पौल तुमच्यासाठी वधस्तंभावर खिळला गेला का? पाळकांचा मान ठेवा, पगार वेळेवर द्या (तो बऱ्याच मंडळ्यांत थकतो, बॅनरला मात्र वर्गणी लगेच जमते), आणि फोटो फाडत भांडत बसू नका. त्या साहेबांनाच एकट्याने भेटा आणि म्हणा, साहेब, हे तुम्हीच थांबवा, पेत्राने थांबवलं तसं. काय उत्तर देतात बघा, मग त्यांच्या मीटिंगला जायचं की नाही ते ठरवा.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. नवीन फेलोशिपला (प्रार्थनागटाला) जाणारी मैत्रीण म्हणते तुम्ही संतांना येशूच्या वर बसवता. खरंय का?
– एक वाचक, वसई

उत्तर : शिकवण तशी नाही. ७८७ सालच्या निकियाच्या दुसऱ्या सभेपासून ठरलेलं आहे, उपासना फक्त देवाची, संतांना मान आणि प्रार्थनेची विनंती. जुन्या गोव्याचं बॉम जेझुस बॅसिलिका लोक तिथं ठेवलेल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या शवासाठी गाठतात पण ते आहे बाळ येशूच्या नावाने, आणि मुख्य वेदीवर संत इग्नेशियसचा भला मोठा पुतळा वर बघतोय, वर येशूच्या नावाची आयएचएस ही अक्षरं, त्याच्याही वर पवित्र त्रैक्य. आता नवस फेडायच्या रांगेत कुणाच्या मनात काय असतं ते सांगता येत नाही, तिथं मैत्रिणीचा टोमणा कधीकधी लागू पडतोही. पण प्रॉटेस्टंट मंडळी संतांना विनंती करणंच मानत नाहीत आणि हा वाद ५०० वर्षांचा आहे, तुम्हा दोघींच्या चहाच्या टेबलावर काही तो मिटणार नाही.