धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाट मागावी लागते, आणि लेखी मागावी लागते

घरात एकच माणूस मिळवता असताना मोठे आजारपण आले, तर मोफत किंवा कमी खर्चाची मदत कुठे शोधावी, असे आपण विचारले आहे आणि शेवटी ‘मागायला लाज वाटते’ असेही लिहिले आहे. त्या शेवटच्या वाक्यामुळेच मी उत्तर लिहीत आहे. शिष्यवृत्ती, शिधा, निवृत्तिवेतन यांविषयी जाणकारांनी सांगावे. मला महाराष्ट्रातील रुग्णालयांपुरतेच ठाऊक आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात आई अंगणात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शहरातील एका मोठ्या न्यासाच्या (ट्रस्टच्या) रुग्णालयात आम्ही तिला नेले, तेव्हा आधी अनामत रक्कम भरण्यास सांगण्यात आले आणि थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, रातोरात आईच्या पाटल्या गहाण ठेवून ती भरली. राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय अंगीकृत, म्हणजे यादीत घेतलेले, नव्हते, त्यामुळे आता सगळा खर्च आपल्यालाच करायचा, असे आम्ही धरून चाललो. तिसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानाकडे जाताना जिन्याखाली मला एक फलक दिसला. निर्धन आणि दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी तेथे खाटा राखीव आहेत, असे त्यावर लिहिलेले होते. तीन दिवसांत पैशांविषयी आमच्याशी चार माणसे बोलली होती. त्यांपैकी एकानेही हे सांगितले नव्हते.

सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक खाली, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय, म्हणजे न्यासांनी चालवलेल्या, रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळी काढावी लागते. आता कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक मानतात. तेव्हाच्या मर्यादा याहून बऱ्याच कमी होत्या, तरी दादाच्या चालकाच्या पगारावर आम्ही दुर्बल घटकात बसत होतो.

रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेविकेने तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणायला सांगितला आणि त्यावरून आमच्या घरात भांडण झाले. ‘आपण कोणाचे मिंधे होणार नाही, माझी आई धर्माच्या खाटेवर निजणार नाही,’ असे म्हणून दादाने शिधापत्रिकासुद्धा माझ्या हाती देण्यास नकार दिला. अखेर ती आईने सांगितल्यावर मिळाली. मी गावी जाऊन दाखला काढून आणला, तोवर शस्त्रक्रिया होऊन गेली होती आणि ‘आता उशीर झाला, शिवाय खाटाही भरलेल्या आहेत’ असे उत्तर मिळाले. हेच लेखी द्या, असे मी म्हटले, तेव्हा ते कोणी देईना. मग न्यासांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात मी अर्ज दिला, तेथून रुग्णालयात विचारणा झाली आणि देयक नव्याने तयार करण्यात आले. खाट व तपासण्यांना सर्वांत खालच्या वर्गाचा दर लागला, औषधे आणि खुब्यात बसवलेला कृत्रिम सांधा खरेदीच्या किमतीने धरला गेला आणि त्यातील निम्मी रक्कम आम्ही भरली. तरीही पाटल्या सोडवायला चौदा महिने लागले, कारण पहिल्या तीन दिवसांतच व्याजाने पैसे उचलले गेले होते.

दादा आजही त्याला भीक म्हणतो. मला ते मुळीच मान्य नाही. न्यास म्हणून ही रुग्णालये करात सवलत घेतात, अनेकांना जमीनही सवलतीत मिळालेली असते आणि त्या बदल्यात ही जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर आलेली आहे. जो हक्क न्यायालयाने लिहून दिला आहे, तो मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही. आणि आईचे दागिने सावकाराच्या पेटीत ठेवून राखलेल्या मानाला मी मान म्हणत नाही.

तेव्हा रुग्ण दाखल होतो त्याच दिवशी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना गाठा, अर्जाची पोच घ्या आणि खाट नाही असे सांगितले तर त्या दिवशीची स्थिती धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर पाहा. जिवावरचा प्रसंग असेल तर अनामत रकमेसाठी अडवून न ठेवता रुग्णाला दाखल करून घेणे आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करणे त्यांना बंधनकारक आहे. हे आम्हाला त्या रात्री ठाऊक असते, तर दादाला पाटल्या घेऊन बाहेर पडावे लागले नसते. या सगळ्याच्या आधी फुले योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर विचारून जवळचे अंगीकृत रुग्णालय शोधणे केव्हाही चांगले, कारण तेथे, योजनेच्या यादीतील उपचार असेल तर, रुग्णाला पैसेच भरावे लागत नाहीत आणि मदतीला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा माणूस, असतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. जे रुग्णालय न्यासाचे नाही, एखाद्या डॉक्टरांचे किंवा कंपनीचे आहे, तेथे राखीव खाटांचा हा नियम लागू होत नाही. दुर्बल घटकाला सगळे मोफत मिळत नाही, हे आमच्या उदाहरणावरून आपल्या लक्षात आलेच असेल. उत्पन्नाचा दाखला मात्र घरात कोणी आजारी नसतानाच सेतू केंद्रातून काढून ठेवा. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून एप्रिलमध्ये नवा काढावा लागतो.