बसून, सलून, बलून

प्रश्न असा आला आहे: पाश्चात्त्य वाद्यवृंदातल्या ‘बसून’ला मराठीत ‘मोठी बासरी’ म्हणावं का, बासरी आणि बसून हे दोन्ही शब्द ‘वंश’ म्हणजे बांबूवरूनच आले ना, आणि उच्चार बसून की बॅसून?

बासरी अजिबात नाही. बासरीला पत्तीच नसते. फुंक छिद्राच्या कडेवर आपटते आणि सूर उमटतो. बसूनच्या तोंडाशी वेतासारख्या गवताच्या दोन पत्त्या एकमेकींना लगटून बांधलेल्या असतात, त्या थरथरतात. नातं लावायचंच तर सनईशी लावा. फक्त इथे नळी सुमारे अडीच मीटर लांब आणि दुमडलेली, म्हणून आवाज थेट खर्जात.

आणि ते वंशपुराण आता पुरे. ब आणि स शेजारी दिसले की संस्कृत मूळ शोधायला धावायचं, ही खोड जुनी आहे. बासरी बांबूची, हे खरं. बसून मेपलच्या लाकडाचा, आणि शब्द इटालियन: ‘बास्सो’ म्हणजे खालचा, त्याला थोरपणा दाखवणारा ‘ओने’ हा प्रत्यय. बास्सोनेचं फ्रेंचांनी बासों केलं, इंग्रजांनी बसून.

खरी मजा या ‘ओने’त आहे. ‘साला’ म्हणजे दालन, मोठं दालन ते सालोने. तेच फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन सलून झालं, आणि आपण तिथे केस कापून घेतो! ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू, मोठा चेंडू पाल्लोने. त्याच घराण्यातला आपला बलून. ‘कार्ता’ म्हणजे कागद, जाड कागद कार्तोने. चित्रकार त्यावर चित्राचा पूर्ण आकाराचा आराखडा काढत, त्यातून कार्टून. ‘त्रोंबा’ म्हणजे कर्णा, थोरला कर्णा त्रोंबोने, म्हणजे ट्रॉम्बोन. सलून, बलून म्हणता तसंच बसून म्हणा. इंग्रजीतही आघात ‘सू’वरच आहे. बॅसून हा नुसत्या स्पेलिंगवरून बेतलेला उच्चार. मात्र या पंगतीत मान्सूनला बसवू नका. तो अरबी ‘मौसिम’वरून पोर्तुगीजांमार्फत आलेला, आपल्या मोसमाचा सख्खा भाऊ.

गंमत म्हणजे खुद्द इटालियन लोक या वाद्याला ‘फागोत्तो’ म्हणतात, जर्मन ‘फागॉट’. फागोत्तो म्हणजे गाठोडं, मोळी. वाद्याचे तुकडे सुटे करून मोळीसारखे बांधता येतात म्हणून हे नाव, असं पुष्कळ संगीतकोश बिनदिक्कत सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. बसूनचा पूर्वज डल्शियन बहुधा एकाच ठोकळ्यात दोन भोकं पाडून करत. तिथे सुटे करायला तुकडे होते कुठे? शेजारी-शेजारी दोन नळ्या एकत्र आल्या म्हणून मोळी, असं माझं मत, आणि ते मी सोडणार नाही.

तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत ‘फागॉट आणि बसून’ असं छापणाऱ्यांनी एक नाव खोडावं. वाद्य एकच आहे.