शेवटच्या तीन ढांगा

"मॅडम, सपाटीवर मी अजूनही मजेत रपेट करते. पण समोर उडीचा पोल दिसला की हात आपोआप लगाम ओढतात. आता तर घोडाही अडायला लागलाय. माझा आत्मविश्वास कायमचा गेला का?"

एवढं बोलून त्या खांद्यावरून हात फिरवत बसल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र तसाच ठेवलाय, पडलेले बरेच स्वार हाच प्रश्न घेऊन येतात.) त्यांनी घोडेस्वारी तिशीत सुरू केली होती. चार महिन्यांपूर्वी ८० सेंटिमीटरच्या अडथळ्यापुढे घोडा ऐनवेळी थांबला आणि त्या त्याच्या मानेवरून पलीकडे गेल्या. कॉलरबोन मोडलं, ते जुळलं, डॉक्टरांनी परवानगीही दिली.

ओळखीच्या प्रत्येकाने त्यांना एकच ऐकवलं होतं: पडल्या पडल्या परत घोड्यावर बसायला हवं होतं. या सल्ल्यात तथ्य आहे, टाळलेली भीती मुरतेच. पण हाड मोडलेल्या माणसाने कसं बसायचं? आणि डोकं आपटलं असेल तर हा सल्ला धोक्याचाच. मेंदूला धक्का बसलेल्या माणसाला बरेचदा आपल्याला काही झालंय हेच कळत नाही, म्हणून आधी डॉक्टर. मी सहज विचारलं, "हेल्मेट बदललंत ना?" बदललं नव्हतं. वरून धड दिसलं तरी आपटलेल्या हेल्मेटचा आतला फोम दबलेला असू शकतो. म्हणजे त्यांची थोडी भीती तरी अगदी रास्त होती! नवीन हेल्मेट आलं, मग आम्ही कामाला लागलो.

सुरुवातीला मी चुकले. नेहमीची शिडी मांडली, म्हणजे सोप्यापासून अवघडाकडे एकेक पायरीने भीतीला सामोरं जायचं. ही पद्धत जुनी आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलासमोर, तो आवडीचं खात असताना, ससा थोडा थोडा जवळ आणत नेला होता. पुढे जोसेफ वोल्पे यांनी त्याची रीतसर उपचारपद्धती बांधली. आमची शिडी अशी: जमिनीवरचा एक पोल चालीत ओलांडायचा, मग दुडक्या चालीत ओळीने चार, मग फुलीसारखे लावलेले बुटके पोल, मग हळूहळू उंची. प्रत्येक पायरीला भीतीचा आकडा द्यायचा, ० ते १००.

जमिनीवरचे पोल सहज झाले. पुढे गाडी रुतली. तीन आठवड्यांनी आकडे चाळताना मला कोडं पडलं. ४० सेंटिमीटरला भीती ७०, ६० सेंटिमीटरलाही ७०. भीती उंचीची असती तर आकडा उंचीबरोबर चढला असता.

म्हणून पडण्याचा प्रसंग पुन्हा सांगायला लावला. "वळण घेतलं, समोर अडथळा आला आणि पडले."

"वळण आणि अडथळा यांच्या मध्ये काय झालं?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "शेवटच्या तीन ढांगा राहिल्या तेव्हा मला कळलं होतं. तो आखडला होता. आधीच बाजूला वळवायला हवा होता. पण प्रशिक्षक 'चल, चल' ओरडत होते. वाटलं, त्यांना जास्त कळतं."

धसका पडण्याचा कमी होता. आपल्याला कळूनही आपण काही केलं नाही, हे त्यांना सलत होतं. आता अडथळ्याजवळ गेलं की हात उशिराने तेच राहिलेलं काम करू पाहत, लगाम खेचत. ऐन उडीच्या तोंडावर खेचलेला लगाम घोड्याला 'थांब' एवढंच सांगतो. तो अडला की भीतीला पुरावा मिळतो. शिवाय घोड्याला आपली धास्ती जाणवते. २००९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी काही जणांना सांगितलं, आता घोड्यासमोर छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, तरी माणसांबरोबर घोड्यांच्याही हृदयाचे ठोके वाढले.

त्यांच्या संमतीने मी प्रशिक्षकांशी बोलले. अडथळ्याच्या सहा ढांगा आधी, म्हणजे साधारण २० मीटरवर, एक नारिंगी शंकू ठेवायचा ठरलं. शंकूच्या अलीकडे पूर्ण मुभा: पटलं नाही तर गोल फिरवून घ्यायचा, कोणी कारण विचारायचं नाही. शंकू ओलांडला की लगाम खेचायचा नाही. एका हाताने घोड्याच्या मानेवरचा पट्टा धरायचा, नजर अडथळ्याच्या पलीकडे, आणि ढांगा मोठ्याने मोजायच्या. मोठ्याने मोजताना श्वास रोखता येत नाही आणि श्वास मोकळा असला की मांडही मोकळी राहते.

पहिल्या दिवशी त्यांनी नऊ वेळा घोडा वळवून घेतला. प्रशिक्षक वैतागले, हे तर पळ काढणं झालं म्हणाले. मला तसं वाटलं नाही. ऐनवेळी खेचणं हा पळ, तो भीतीपोटी काढला जातो. २० मीटरवर विचार करून वळणं हा निर्णय. दहाव्यांदा त्या शंकूच्या पुढे गेल्या, ४० सेंटिमीटरवरून उडी झाली, आकडा ५५. दोन महिन्यांत तो ३० वर आला आणि तिथेच रेंगाळला. मी तो आणखी उतरवायच्या फंदात पडले नाही. अशा सरावाने जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी शिकवण बसते. म्हणून नवा घोडा किंवा नवं मैदान आलं की ती डोकं वर काढते. त्यांचंही नव्या घोड्यावर तसं झालं. आम्ही कुरकुर न करता परत जमिनीवरच्या पोलांपासून सुरुवात केली.

हे सगळ्यांना लागू नाही. महिना उलटला तरी अपघात स्वप्नात येत असेल, तबेल्याच्या नुसत्या वासाने छाती धडधडत असेल, तर पोल नंतर. आधी आघातावर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं.

सध्या त्या ७० सेंटिमीटरवर आहेत. ८० ला जायचं का, ते त्यांनी ठरवलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. मागच्या भेटीत त्या हसत आल्या. त्या दिवशी शंकूच्या अलीकडेच त्यांनी घोडा वळवला होता आणि प्रशिक्षकांनी नियम मोडून कारण विचारलं होतं. "आखडलाय," एवढंच त्या म्हणाल्या. उतरून पाय तपासले, तर पुढची नाल सैल झाली होती.