एएफएलमध्ये खेळाडू क्लब बदलतो तेव्हा फायदा कोणाचा झाला, हे कसं ठरवायचं?

प्रश्न: ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये मोठा खेळाडू एका क्लबमधून दुसऱ्यात गेला की लगेच 'हा क्लब जिंकला, तो फसला' अशी चर्चा सुरू होते. हे नेमकं ठरवतात कसं? आयपीएलसारखी बोली लागते का?

बोली लागत नाही, आणि सगळ्या भांडणाचं मूळ तिथेच आहे. एएफएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, एक क्लब दुसऱ्या क्लबला खेळाडूची किंमत रोखीत देत नाही. ग्रँड फायनल उरकली की साधारण ऑक्टोबरात ट्रेडचे दिवस येतात. तेव्हा खेळाडू हवा असेल तर बदल्यात आपला खेळाडू द्यायचा, नाहीतर ड्राफ्टमधला आपला नंबर द्यायचा. ड्राफ्ट म्हणजे नुकतीच शाळा संपवलेल्या पोरांची निवड. तळाला राहिलेला क्लब आधी निवडतो, विजेता शेवटी. शिवाय पगारावर सगळ्यांना मर्यादा आहे, सॅलरी कॅप. शाळेत आपण चिंचा देऊन बोरं घ्यायचो, तसलाच हा प्रकार. कोण फसला हे शेवटी कोणाला काय खायचं होतं यावर ठरायचं. इथेही तसंच आहे, फक्त बोरं गोड निघाली की किडकी हे कळायला दहा वर्षं लागतात.

मी २००९ मध्ये मेलबर्नला आलो तेव्हा फूटीतलं, म्हणजे या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधलं, मला ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसात शेजारच्या टेबलावर मेलबर्नच्या कार्लटन क्लबचा एक कट्टर भक्त बसायचा. त्याने मला शिकवलेला पहिला सौदा ख्रिस जडचा. (हा ज 'जन्म'मधला, कार्लटनवाल्यांच्या लेखी मात्र माणूस दोन्ही ज-नी जड.)

जड पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्सचा कर्णधार होता. २००४ मध्ये त्याने ब्राउनलो मेडल, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला होता, आणि २००६ चा फ्लॅग त्याच्याच नेतृत्वाखाली पर्थला गेला होता. इथे विजेतेपदाला 'फ्लॅग' म्हणतात. पोरगा मूळचा मेलबर्नचा. २००७ संपताना तो म्हणाला, मला घरी जायचंय. कार्लटन तेव्हा पार रसातळाला गेलेलं, २००५ आणि २००६ ओळीने शेवटचा नंबर. त्यांनी जडसाठी तीन गोष्टी मोजल्या: जॉश केनेडी नावाचा वीस वर्षांचा उंच फॉरवर्ड, ड्राफ्टमधला ३ नंबर आणि २० नंबर. वेस्ट कोस्टने जडसोबत ४६ नंबर परत दिला.

आता हा सौदा वेगवेगळ्या वर्षी उभं राहून बघा.

२०१० मध्ये बघितलं तर प्रश्नच नाही. जड कार्लटनचा कर्णधार, त्या वर्षीचं ब्राउनलो पुन्हा त्याच्या गळ्यात, क्लब सलग दुसऱ्या वर्षी फायनल्समध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत. आणि वेस्ट कोस्ट? तळाला. त्यांच्या इतिहासातला पहिला वुडन स्पून, म्हणजे शेवटचा नंबर. माझा सहकारी त्या दिवसांत कोणालाही धरून हा हिशेब ऐकवायचा, लिफ्टमध्येसुद्धा.

२०११ मध्ये दोन्ही क्लब फायनल्समध्ये समोरासमोर आले, पर्थमध्ये, आणि वेस्ट कोस्टने कार्लटनला अवघ्या ३ गुणांनी बाहेर काढलं. एक गोल ६ गुणांचा असतो, म्हणजे अर्ध्या गोलाचा फरक. तिथे तराजू थोडा हलला.

२०१५ मध्ये तो पुरता उलटला. जूनमध्ये गुडघा दुखावून जड निवृत्त झाला, कार्लटन शेवटचं आलं. केनेडीने त्या मोसमात सगळ्यात जास्त गोल मारून कोलमन मेडल घेतलं, एका सामन्यात तर कार्लटनलाच १० गोल मारले, आणि वेस्ट कोस्ट ग्रँड फायनलला पोहोचलं. २०१८ ला वेस्ट कोस्टने फ्लॅग जिंकला. संघात केनेडी होता, आणि त्या ३ नंबरवर घेतलेला ख्रिस मास्टनही होता. त्याच वर्षी कार्लटनने अख्ख्या मोसमात दोन सामने जिंकले. केनेडी २०२२ मध्ये थांबला तेव्हा वेस्ट कोस्टसाठी त्याचे ७१२ गोल झाले होते, त्या क्लबच्या इतिहासात सर्वाधिक.

मग वेस्ट कोस्ट जिंकलं? शेवटचा आकडा तसं म्हणतो. पण मला हा निकाल इतका सरळ वाटत नाही. कारण लोक विचारतात, 'जड मोठा की केनेडी?' विचारायला हवं ते हे की जड घेतला नसता तर कार्लटनचं काय झालं असतं, आणि जड दिला नसता तर वेस्ट कोस्टचं काय झालं असतं. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: त्याला ठेवण्याचा पर्यायच नव्हता. करार संपला होता, त्याला मेलबर्नचाच क्लब हवा होता. ज्याच्या हातात मोजकीच गिऱ्हाइकं आहेत असा विक्रेता इतकं घेऊन बाहेर पडला, हे त्यांच्या सौदेबाजीचं खरं यश. केनेडी पुढे केवढा होणार हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. यशात तेवढा भाग नशिबाचा धरायलाच हवा.

नशिबावरून आठवलं. तो ३ नंबर मास्टनवर खर्च झाला. मास्टन चांगला खेळाडू, दोनशेहून जास्त सामने खेळला. पण त्याच ड्राफ्टमध्ये १० नंबरला पॅट्रिक डेंजरफिल्ड ॲडलेडला मिळाला, पुढे ब्राउनलो जिंकणारा. २० नंबरवर वेस्ट कोस्टने घेतलेला पोरगा फारसा खेळलाच नाही. आणि सौद्यात नुसता तोंडी लावायला दिलेला ४६ नंबर? त्यावर कार्लटनला डेनिस आर्मफिल्ड मिळाला आणि तो शंभराहून जास्त सामने टिकला. म्हणून नंबर दिला-घेतला एवढ्यावरून सौदा मोजू नये. नंबर ही सौद्याची किंमत, त्यावर कोण निवडला ही क्लबच्या निवड समितीची हुशारी किंवा चूक. ही दोन खाती लोक सर्रास एकत्र करतात.

खेळाडू जातो आणि समोरून काहीच येत नाही, असाही एक प्रकार आहे: फ्री एजन्सी, २०१२ पासून. क्लबमध्ये बरीच वर्षं काढलेला खेळाडू करार संपल्यावर हवं तिकडे जाऊ शकतो. यातलं गाजलेलं उदाहरण लान्स फ्रँकलिनचं, ज्याला सगळी ऑस्ट्रेलिया 'बडी' म्हणते. २०१३ चा फ्लॅग हॉथॉर्नसोबत जिंकून हा गडी सिडनी स्वान्सकडे गेला, नऊ वर्षांचा करार, रक्कम सुमारे १ कोटी डॉलर. हॉथॉर्नला लीगकडून भरपाई मिळाली ती १९ नंबरची. लोक म्हणाले, लुटलं. पुढच्याच वर्षी ग्रँड फायनलला हॉथॉर्नने सिडनीला, बडीसकट, ६३ गुणांनी धुतलं, आणि २०१५ चाही फ्लॅग जिंकला.

इथे हॉथॉर्नला मिळालेली खरी वस्तू १९ नंबर नव्हतीच. ती होती कॅपमध्ये मोकळी झालेली जागा. उलट सिडनीला बडीचा पगार बसवायला इतरांना सोडावं लागलं. दांडगा रकमॅन (वर उडालेल्या बॉलसाठी उडी मारणारा उंच खेळाडू) शेन ममफर्ड त्याच महिन्यात सिडनीतल्याच दुसऱ्या क्लबकडे, ग्रेटर वेस्टर्न सिडनी म्हणजे जीडब्ल्यूएसकडे गेला, आणि २०१६ च्या फायनल्समध्ये जीडब्ल्यूएसकडून खेळत त्याने सिडनीला घरच्या शहरात हरवायला हातभार लावला. हा खर्च बडीच्या नावापुढे कोणी मांडत नाही, पण मांडायला हवा. मोठा खेळाडू घेतलात की त्याच्यामुळे कोण गेलं, ते आधी शोधा.

मग सिडनी फसलं का? फ्लॅगवर मोजलं तर हो. बडीच्या काळात ते २०१४, २०१६, २०२२ अशा तीन ग्रँड फायनल खेळले आणि तिन्ही हरले. पण सिडनी हे रग्बी लीगचं शहर आहे. तिथे फूटी खपवावी लागते, जसं आपल्याकडे क्रिकेट सोडून काहीही खपवावं लागतं. बडीने ते केलं. २५ मार्च २०२२ ला त्याने कारकिर्दीतला हजारावा गोल मारला तेव्हा सिडनी क्रिकेट ग्राउंडवर हजारो माणसं कुंपण ओलांडून मैदानात घुसली, खेळ बराच वेळ थांबला. मी टीव्हीवर बघत होतो. चहा गार झाला तरी उठवेना. नऊ वर्षांत माणूस मोडून पडेल असं भाकीत करणारे बरेच होते. त्याने करार पुरा केला, वर आणखी एका मोसमासाठी सही केली. हॉथॉर्नकडे ५८० गोल, सिडनीकडे ४८६. हा माझ्या मते फायद्याचा सौदा, जरी कपाटात एकही करंडक वाढला नाही तरी. माझा सहकारी हे अजिबात मान्य करत नाही. त्याच्या मते फ्लॅग नाही तर काही नाही. कार्लटनचा शेवटचा फ्लॅग १९९५ चा, त्यामुळे मी तो विषय वाढवत नाही.

भरपाईच्या नंबराबद्दल एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. २०१४ च्या शेवटी जेम्स फ्रॉली मेलबर्न क्लबमधून हॉथॉर्नला गेला. २०१५ ला त्याला फ्लॅग मिळाला. मेलबर्नला भरपाई म्हणून थेट ३ नंबर मिळाला, त्यावर त्यांनी अँगस ब्रेशॉ घेतला, आणि ब्रेशॉ २०२१ च्या मेलबर्नच्या फ्लॅगमध्ये होता. दोघांचंही भलं झालं! पण हा ३ नंबर हॉथॉर्नने दिला नव्हता, लीगने रांगेत मध्येच घुसवला होता. मागे उभे असलेले सगळे क्लब एकेक पाऊल मागे सरकले. सौदा दोघांचा, वर्गणी बाकीच्यांची.

आयपीएलचं विचारलंत म्हणून: २०२३ च्या अखेरीस हार्दिक पंड्या गुजरातकडून पैशांवर मुंबईला परत आला आणि २०२४ ला मुंबई दहाव्या क्रमांकावर, शेवटी, गेली. तेव्हाही दोन महिन्यांत निकाल लावणारे भरपूर होते. पुढच्याच वर्षी मुंबई आणि गुजरात दोन्ही प्लेऑफमध्ये. घाई दोन्हीकडे सारखीच.

आता असं एक उदाहरण सांगतो जिथे माझी कुठलीच फूटपट्टी चालत नाही. टॉम बॉइड, २०१३ च्या ड्राफ्टमधला १ नंबर. जीडब्ल्यूएसमध्ये एक वर्ष, ९ सामने, आणि २०१४ ला वेस्टर्न बुलडॉग्जने त्याला उचललं. बदल्यात स्वतःचा कर्णधार रायन ग्रिफेन आणि ६ नंबर दिला. वर एकोणीस वर्षांच्या पोराला वर्षाला सुमारे दहा लाख डॉलर. मेलबर्नभर हसं झालं. बॉइड दुखापतींनी आणि नैराश्याने बेजार झाला, त्याबद्दल तो उघडपणे बोललाही, आणि २०१९ ला तेविसाव्या वर्षी निवृत्त झाला. बुलडॉग्जसाठी एकूण ५२ सामने. कागदावर यापेक्षा वाईट सौदा शोधून सापडणार नाही.

फक्त त्या ५२ मधला एक सामना म्हणजे २०१६ ची ग्रँड फायनल. बुलडॉग्जने शेवटचा फ्लॅग १९५४ मध्ये जिंकलेला. समोर सिडनी. चौथ्या क्वार्टरमध्ये थोडक्या फरकाने बुलडॉग्ज पुढे, आणि बॉल बडी फ्रँकलिनच्या हातात. बुलडॉग्जच्या डेल मॉरिसने मागून येऊन त्याला धरलं, बॉल निसटला आणि नेमका बॉइडपुढे पडला. त्याने लांबूनच लाथ हाणली. गोलच्या तोंडाशी कोणी नव्हतं. बॉल टप्पे खात, वाकडातिकडा उड्या मारत आत गेला. त्या दिवशीचा तो त्याचा तिसरा गोल.