फुगलेला टॉवर आधी खाली बसवा, मगच प्लेट

तुमच्या ई४६ चा (बीएमडब्ल्यू ३ सिरीजचा) डावा टॉवर, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचं वरचं टोक जिथे बोल्टने बसतं तो पत्र्याचा घुमट, वर फुगलाय, दोन्ही बाजूंचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) जुळत नाही, आणि कोइम्बतूरच्या ट्रॅक डेआधी वरून प्लेट वेल्ड करून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. हाच त्रास मी भोगलाय, म्हणून कळकळीने सांगतो: आत्ता वेल्डिंग नको.

फुगवट्यावरच प्लेट वेल्ड केली की वाकडेपणा कायमचा पक्का होतो. एका वर्कशॉपने माझ्या गाडीला नेमकं हेच केलं. अलाइनमेंटवाला ‘रेंजमध्ये आहे’ म्हणत राहिला, आणि पुढे ती प्लेट ग्राइंडरने काढताना खालचा मूळ पत्राही घासला गेला. डेंटर कितीही घाई करो, स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा जोड) उतरवून टॉवरच्या माथ्यावर सरळ पट्टी ठेवून सपाटपणा बघितल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका. स्टड (टॉवरच्या भोकांतून वर येणारे आट्यांचे खिळे) बाहेरच्या बाजूला कललेत का, तेही बघा.

वर लाकडी ठोकळा ठेवून मोठ्या हातोड्याने थोडं थोडं ठोकत माथा सपाट करा. मग रंग खरवडून भोकांभोवती डाय पेनिट्रंटने (बारीक तडे दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने) तडे तपासा. तडा नसेल तर वेल्डिंगची गरजच नाही. ३ मिमी स्टीलची प्लेट माउंट (स्ट्रटचं वरचं रबरी बैठक असलेलं टोक) आणि टॉवरच्या मधे, म्हणजे खालून, बसवा. धक्का खालून येतो, तो तिथेच पसरायला हवा. दोन्ही बाजूंना लावा, नाहीतर एक कोपरा ३ मिमी उंच राहील. नटाच्या वर स्टडचे किमान दोन आटे दिसले पाहिजेत. नसतील तर लांब स्टड घ्या. नट आवळायला इम्पॅक्ट गन नको, ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क रेंचच.

स्ट्रट बारवर (दोन्ही टॉवर जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर) भिस्त ठेवू नका. तो टॉवर आडवे हलू देत नाही, पण वर फुगणं थांबवत नाही.

तडा असेलच तर टोकाला ३ मिमी भोक पाडून तो वेल्डने भरा, आणि २०-२५ मिमीचे तुटक टाके घ्या. सलग वेल्डने पत्रा ओढला जातो. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. आपल्या खाऱ्या हवेत उघडा वेल्ड लगेच गंजतो, म्हणून झिंक प्रायमर, सीम सीलर (सांधे बुजवणारा लेप) आणि आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण), तिन्ही हवेत.

हे सगळं स्टीलच्या टॉवरपुरतं. ई६० ची (बीएमडब्ल्यू ५ सिरीजची) पुढची बांधणी अ‍ॅल्युमिनियमची आहे, तिथे यातलं काही करू नका. विमा कंपनीलाही आधी विचारून घ्या.

आणि बम्प स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की धक्का झेलणारे रबर) तपासा. गाडी खाली करताना ते कापले असतील, तर सायन-पनवेलचे पावसाळी खड्डेच टॉवर फुगवतात, ट्रॅकपर्यंत जावंही लागत नाही.