मिलवॉकीचे अधिवेशन आणि ‘नामांकन’

प्रश्न असा आला आहे : ‘जुलै २०२४ मध्ये मिलवॉकी येथे रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय संमेलनात डोनाल्ड ट्रम्प यांचे अध्यक्षपदासाठी नामांकन झाले.’ हे वाक्य मराठीत बरोबर आहे का? ‘संमेलन’ म्हणावे की ‘अधिवेशन’? आणि ‘नामांकन’ चालेल का?

वाक्य कळते, पण वाचताना तीन-चार ठिकाणी ठेच लागते.

‘संमेलन’ म्हटले की मराठी कानाला साहित्य संमेलन, नाट्य संमेलन, नाहीतर शाळेचे स्नेहसंमेलन आठवते. भेटावे, ऐकावे, दाद द्यावी, असा तो प्रसंग. पक्षाचे लोक नुसते नेत्याला ऐकायला जमले, तर तो ‘मेळावा’. मिलवॉकीत मात्र राज्याराज्यांतून निवडून आलेले प्रतिनिधी गळ्यात ओळखपत्र घालून आपापल्या राज्याच्या पाटीखाली बसले होते आणि त्यांना मत द्यायचे होते. अशा सभेला आपल्याकडे नाव आहे ‘अधिवेशन’. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले, ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन. पुढे सुरतेचे झाले, नागपूरचे झाले, १९३६ चे फैजपूरचे झाले. ठराव मांडणे, अनुमोदन, दुरुस्ती, मतमोजणी हे सगळे या शब्दाच्या पोटात तेव्हापासून आहे. अमेरिकी सभेसाठी आपल्याला नवा शब्द घडवावा लागत नाही, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते.

यावर एक हरकत येऊ शकते. मी नागपूरचा. आमच्याकडे डिसेंबर उजाडला की ‘अधिवेशन आलं’ म्हणतात, आणि ते असते विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन. एकाच शब्दावर दोन ओझी. पण मागे ‘पक्षाचे’ की ‘विधिमंडळाचे’ एवढे लिहिले की घोटाळा उरत नाही.

‘राष्ट्रीय’ राहू द्या. तिथे राज्यांची वेगळी अधिवेशने होतात.

आता ‘रिपब्लिकन पक्ष’. मराठी वाचकासाठी हे नाव आधीच कुणाचे तरी आहे. बाबासाहेबांच्या कल्पनेतला रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झाला, आणि महाराष्ट्रात ‘रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन’ म्हटले की आजही तोच डोळ्यांपुढे येतो. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘अमेरिकेतील रिपब्लिकन पक्ष’ असे लिहावे. मिलवॉकी कुठे आहे हे प्रत्येकाला ठाऊक असेलच असे नाही.

‘अध्यक्षपदासाठी’ हा शब्द त्याहून फसवा आहे. पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्षपदाची गोष्ट निघाली की आपण पक्षाचाच अध्यक्ष समजतो, कारण काँग्रेसची सवय तीच. गंमत अशी की १९३०च्या दशकात काँग्रेसच्या अध्यक्षालाच ‘राष्ट्रपती’ म्हणत. आज तो शब्द देशाच्या प्रमुखाकडे गेला. हिंदी वर्तमानपत्रे अमेरिकेच्या प्रमुखालाही ‘राष्ट्रपति’ म्हणतात, मराठीने ‘अध्यक्ष’ आणि ‘राष्ट्राध्यक्ष’ धरले. पक्षाचे नाव त्याच वाक्यात असेल तेव्हा ‘राष्ट्राध्यक्षपद’ लिहा. शब्द लांबतो, पण अर्थ निसटत नाही.

राहिले ‘नामांकन’, आणि इथे माझे मत ठाम आहे. हिंदीत तो रुळलेला शब्द आहे. मराठीत तो मुख्यतः चित्रपट पुरस्कारांच्या बातम्यांतून शिरला, आणि पुरस्कारांपुरता मला खटकत नाही. पण आपल्याकडे ‘नामांकित’ आधीपासून वेगळ्याच अर्थाने घरोघर आहे. नामांकित डॉक्टर, नामांकित शाळा म्हणजे नावाजलेली. ‘पक्षाचा नामांकित उमेदवार’ वाचून मराठी माणूस तो मोठा प्रसिद्ध असेल असेच समजणार. निवडणूक कार्यालयाचा शब्द ‘नामनिर्देशनपत्र’, पण तो अर्जाच्या कागदाचा. लोक म्हणतात ‘उमेदवारी’. पक्ष उमेदवारी देतो, उमेदवारी जाहीर करतो, माणसाला उमेदवारी मिळते. या शब्दात ‘उमेद’ आहे, आणि एखाद्याच्या हाताखाली काम शिकण्यालाही आपण ‘उमेदवारी करणे’ म्हणतो. इतका वापरून मऊ झालेला शब्द हाताशी असताना ‘नामांकन’ कशाला?

‘तिकीट’ही सुचेल. अमेरिकेत मात्र हा शब्द जोडीसाठी वापरतात : राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष या दोन पदांचे उमेदवार मिळून एक तिकीट. एकोणिसाव्या शतकात तिथे मतपत्रिका पक्षच छापत, आपल्या उमेदवारांची नावे एका चिठ्ठीवर, तीच ‘तिकीट’. आपल्या ‘तिकीट मिळाले’मध्ये वरून कुणीतरी दिल्याचा भाव आहे, तो इथे बसत नाही.

नामे झाली. पण माझ्या मते या वाक्याचा खरा प्रश्न क्रियापदाचा आहे. अधिवेशनाने उमेदवार ‘निवडला’ म्हणायचे का? ते साल बघून ठरवावे लागते.

१९२४ साल घ्या. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले. उमेदवारीला दोन तृतीयांश मते लागत, म्हणजे १,०९८ पैकी ७३२. विल्यम मॅकाडू आणि अल स्मिथ हे दोन मुख्य दावेदार अडून बसले, कुणाचाच आकडा भरेना. प्रत्येक फेरीत राज्यांची नावे वर्णानुक्रमे पुकारली जात, आणि पहिले नाव अलाबामाचे. प्रत्येक वेळी त्यांचे गव्हर्नर उठून खणखणीत आवाजात सांगत : अलाबामाची चोवीस मते ऑस्कर अंडरवुड यांना! रेडिओवर ऐकवलेल्या पहिल्यावहिल्या अधिवेशनांपैकी हे एक, त्यामुळे हे वाक्य देशभर लोकांना पाठ झाले. २४ जूनला सुरू झालेले अधिवेशन ९ जुलैपर्यंत चालले, आणि १०३व्या फेरीत जॉन डेव्हिस यांना उमेदवारी मिळाली. इथे ‘अधिवेशनाने निवडले’ हेच म्हणायला हवे. दोन तृतीयांशाचा नियम त्या पक्षाने १९३६ मध्ये काढून टाकला.

(राज्यांची नावे पुकारून मते घेण्याच्या या ‘रोल कॉल’ला मी ‘राज्यवार पुकारा’ म्हणेन. ‘हजेरी’ वर्गातली वाटते, ‘पुकारा’ कोर्टात ऐकलेला आहे आणि त्यात आवाज आहे.)

एकाहून अधिक फेऱ्या लागल्या त्या शेवटच्या १९५२ मध्ये, शिकागोत, अ‍ॅडले स्टीव्हन्सन यांच्या वेळी. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्यात मतदारांनी मते देण्याची निवडणूक) न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, त्यावर पक्षात रणकंदन माजले आणि नियम बदलले. तेव्हापासून निकाल लागतो तो राज्याराज्यांतल्या प्रायमरी निवडणुकांत. ट्रम्प यांना पुरेसे प्रतिनिधी २०२४ च्या मार्चमध्येच मिळाले होते. डेमोक्रॅटिक पक्षाने तर कमला हॅरिस यांच्यासाठीचे मतदान ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन उरकले. नंतर शिकागोत राज्यवार पुकारा झाला तो डीजे लावून, प्रत्येक राज्याचे वेगळे गाणे वाजवून.

मग जुलै-ऑगस्टमध्ये अधिवेशन नेमके काय करते? त्यासाठी मराठीत तयार शब्द आहे : शिक्कामोर्तब. मराठेशाहीच्या कागदावर शिक्का वर, माथ्याशी असे. मजकूर संपला की खाली मोर्तब उठे. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे होती. लेखनाची सीमा इथे झाली, यापुढे कुणी काही घुसडू नये, असा त्याचा अर्थ. निर्णय आधीच झालेला असतो, पण मोर्तब उठेपर्यंत कागद पुरा होत नाही. मिलवॉकीत १५ जुलैला हेच झाले. आपल्या इतिहासातही याला जोड आहे : असहकाराचा ठराव सप्टेंबर १९२० मध्ये कलकत्त्याच्या खास अधिवेशनात झाला, आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

तेव्हा तुमचे वाक्य मी असे लिहीन : ‘जुलै २०२४ मध्ये मिलवॉकी येथे भरलेल्या अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात डोनाल्ड ट्रम्प यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीवर शिक्कामोर्तब झाले.’ आणि लेखात पुढे कधी १९२४ चा उल्लेख आला, तर तिथे ‘१०३ फेऱ्यांनंतर अधिवेशनाने जॉन डेव्हिस यांची निवड केली’ असे लिहा.