एनर्जी ड्रिंकवर उतारा म्हणून अर्काच्या कॅप्सूल? थांबा जरा

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. रात्रपाळी, रोजचे दोन-तीन कॅन, कंपनीच्या तपासणीत एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम) वर गेलेलं, आणि आता 'शेवगा, हळद, ग्रीन टीचा अर्क एनर्जी ड्रिंकपासून लिव्हर वाचवतो' असं वाचून कॅप्सूल मागवायचा बेत. नवी मुंबईत सपोर्टच्या नोकरीत असताना मीही याच वाटेने जाऊन आलोय. (मी डॉक्टर नाही, इंजिनियर आहे. खालचं सगळं त्या हिशोबाने घ्या.)

कॅन बंद करा वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला कळतं. फक्त कॅनवरची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं आणि दिवसाला ५०० मिलीच्या वर पिऊ नका असं छापावं लागतं. २५०चे दोन कॅन झाले की कोटा संपला. आणि सगळे कॅफीनवर तुटून पडतात, पण नायसिनचा, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचा, आकडाही बघा. अमेरिकेतल्या एका बांधकाम मजुराची केस २०१६ मध्ये छापून आली होती. तीन आठवडे रोज चार-पाच एनर्जी ड्रिंक, आणि थेट हिपॅटायटिस. डॉक्टरांचा संशय नायसिनवर होता. त्याला हिपॅटायटिस सीचा विषाणूसुद्धा निघाला, त्यामुळे ही केस पुरावा म्हणून मिरवू नये, पण विसरूही नये.

आता अर्क. तुम्ही वाचलेलं संशोधन बहुधा उंदरांवरचं असणार. त्यात ठरावीक झाडाची पानं वाळवून प्रयोगशाळेत अर्क काढतात, काही आठवडे पेयासोबत नळीने पाजतात आणि मग लिव्हर-किडनीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. समजा डोस वजनाच्या किलोला २०० मिलिग्रॅम आहे. उंदरावरून माणसावर येताना साधारण सहाने भागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज दोन ग्रॅम अर्क. पावडर नव्हे, अर्क. तेवढा रोज घेऊन माणसाच्या लिव्हरला काय होतं, हे त्या उंदराला विचारून कळणार नाही.

माझं खरं घोडं अडलं ते कॅप्सूलच्या बाटलीपाशी. जिमच्या काउंटरवरून घेतलेली, 'लिव्हर सपोर्ट' म्हणून. कॅन बंद केल्यावर आकडे उतरायला हवे होते, ते चढले. डॉक्टरांनी बाटली आणायला सांगितली. लेबलवर 'प्रोप्रायटरी ब्लेंड' (म्हणजे कंपनीचं खास मिश्रण), एकूण वजन, आणि खाली वनस्पतींच्या नावांची माळ. कोणती किती, एक अक्षर नाही. शेवटच्या दोन नावांवर तर किमतीचं स्टिकर, नखाने खरवडून वाचावं लागलं.

डॉक्टरांना दोनच गोष्टी हव्या होत्या: ग्रीन टीचा अर्क किती आणि गुळवेल आहे का. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला.

"सर, फॉर्म्युला कॉन्फिडेन्शियल आहे."
"अहो, माझ्या डॉक्टरांना हवाय, मला विकायचा नाहीये."
"सर, प्रॉडक्ट शंभर टक्के नॅचरल आहे."

पुन्हा ईमेल, पुन्हा तिकीट नंबर, पुन्हा तेच शंभर टक्के नॅचरल. तोवर इकडे हिपॅटायटिसच्या सगळ्या तपासण्या, ऑटोइम्यूनच्या तपासण्या, बायोप्सीची भाषा. एका ओळीचं उत्तर मिळालं असतं तर यातलं निम्मं टळलं असतं. अजून आठवलं की डोकं फिरतं.

डॉक्टर नेमकं हेच का विचारत होते ते सांगतो. ग्रीन टीच्या अर्कातल्या ईजीसीजी या मुख्य घटकाचं प्रमाण दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा वर गेलं तर लिव्हरची एन्झाइम्स वाढतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये म्हटलंय. हे गोळ्यांबद्दल, कपातला चहा बिनधास्त प्या. आणि गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना लिव्हरची इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये मांडलं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते म्हणाले. बरं, असेल. पण मग कॅप्सूल उघडून आत कोणती वेल आहे ते मी ओळखायचं कसं?

आयुर्वेदाला नावं ठेवत नाहीये. आमच्याकडे काविळीला भुईआवळा दिलेला मी पाहिलाय. वैद्याने तपासून, मोजून दिलेलं औषध वेगळं आणि काउंटरवरची बाटली वेगळी, माझं भांडण दुसरीशी आहे.

मी शेवटी दोन्ही बंद केलं आणि आकडे सावकाश खाली आले. कॅनमुळे वाढले होते की कॅप्सूलमुळे, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. तुमच्याकडे अजून एकच संशयित आहे, दुसरा आणू नका. कॅन थांबवा, डॉक्टर म्हणतील तेव्हा रक्त पुन्हा तपासा, मग बघा. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर मात्र वाट बघत बसू नका.

ऑर्डर देऊन झाली असेल तर बाटली फेकू नका, बॅच नंबरसकट लेबलचा फोटो काढून ठेवा. औषधाने त्रास झाल्याची नोंद सरकारच्या १८००-१८०-३०२४ वर करता येते.

आणि हो, जिमला जात असाल तर रक्त देण्याआधी काही दिवस वजनं उचलू नका. एसजीओटी (एसजीपीटीच्या जोडीने तपासतात ते एन्झाइम), आणि थोडंफार एसजीपीटीही, स्नायूंमधूनही वाढतं. सीपीके, म्हणजे स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी, सोबत करून घेतली तर तो गोंधळ तिथेच मिटतो.